भोगायला की मालकीने?



कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी एकच शब्द सांगितला, 'वारसा'. ते खूश झाले. आठ दिवसांनी निमंत्रणपत्रिका हातात आली, तिच्यावर छापले होते 'आपला सांस्कृतिक वारसा'. चूक त्यांची नाही. साहित्याच्या व्यासपीठावर वारसा म्हटले की जात्यावरच्या ओव्या, पोथ्या, वारली चित्रे हेच कोणालाही आठवणार. मला मात्र बोलायचे आहे ते घर, जमीन, बँकेतली ठेव आणि आजीच्या पाटल्या यांविषयी. माणूस गेल्यावर या गोष्टी कोणाकडे जातात, याविषयी. मी वकील आहे. पस्तीसहून अधिक वर्षे मी लोकांचे कागद लिहीत आलो. तेव्हा साहित्यिक भाषणाची अपेक्षा ठेवून आला असाल तर आधीच क्षमा मागतो. पण शेवटी मी भाषेवरच येणार आहे, एवढा धीर धरा.

हा विषय माझ्या डोक्यात घातला तो कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी. आपल्या भागात आता कायदा शिकणारी मुले दिसू लागली आहेत, ही नवी गोष्ट. आमच्या वेळी वकील व्हायचे तर मुंबई, पुणे नाहीतर सुरत गाठावी लागे. दोन वर्षांपूर्वी यांतली एक मुलगी माझ्याकडे इच्छापत्राचा नमुना मागायला आली. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला दस्तलेखनाचे पंधरा सराव करावे लागतात. खरेदीखत, मुखत्यारपत्र, बक्षीसपत्र, इच्छापत्र असे. मी तिला माझ्या कपाटातला छापील नमुना दिला. तिने तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाली, "काका, या नमुन्यातल्या माणसाला एक घर, एक बायको आणि दोन समंजस मुलगे आहेत. असं कुटुंब मी अजून पाहिलं नाही."

पुढच्या शनिवारी ती आणखी सहा जणांना घेऊन आली. आपल्यातल्या एका घरची मुलगी, खानवेलकडचा एक वारली मुलगा, वापीचा एक गुजराती, कारखान्यात काम करणाऱ्या मल्याळी आईवडिलांची एक मुलगी, असा तो मेळा. त्यांना फौजदारी नको होती, कंपन्यांचा कायदा नको होता. त्यांना वारसाहक्क शिकायचा होता, आणि तोही खऱ्या घरांतल्या खऱ्या कागदांवरून. मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. दर शनिवारी दुपारी माझ्या ओट्यावर चटई पसरायची, ज्या घराने बोलावले असेल त्या घरची पेटी उघडायची, आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्या घराची वंशावळ काढायची. नियम मी घालून दिले. तुम्ही अजून वकील नाही, म्हणून सल्ला द्यायचा नाही, मसुदा करायचा नाही, पैसा घ्यायचा नाही. वाचायचे, यादी करायची, आणि काय समजले नाही ते लिहून ठेवायचे. पुढचे काम सनद असलेल्या माणसाचे. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही, त्यांना विधी सेवा प्राधिकरणाची वाट दाखवायची. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींच्या लोकांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

पहिल्याच शनिवारी मुलांनी विचारले, जुना कागद हातात आला की आधी काय पाहायचे? मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो, कारण ती तुमच्याआमच्या मातीचीच आहे.

1779 साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्याच्या सतराव्या कलमात दमण प्रांतातली बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना देण्याचे ठरले. त्याप्रमाणे 1783 साली नगर हवेली आणि 1785 साली दादरा त्यांच्याकडे गेले. पुढे पावणेदोनशे वर्षे कोणी तो कागद फारसा उलगडला नाही. 22 जुलै 1954 ला दादरा मुक्त झाले, 2 ऑगस्टला सिल्वासा. त्या मोहिमेत कोण कोण होते ते तुम्हाला सांगायला नको. सुधीर फडके यांचे नाव तर गाण्याइतकेच याही कारणाने आपण घेतो. पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दमणहून इथे यायची वाट भारताने अडवली, ती आमच्या हक्काची आहे, असे त्यांचे म्हणणे. आणि मग पेशवाईतले कागद हेगमध्ये उलगडले गेले. मोतीलाल सेटलवाड भारताची बाजू मांडत होते, छगला तदर्थ न्यायाधीश म्हणून बसले होते, आणि प्रश्न कोणता? तर मराठ्यांनी ही गावे दिली ती कशी दिली. राज्य म्हणून दिली, की नुसता वसूल खायला दिला?

12 एप्रिल 1960 ला निकाल लागला. न्यायालयाने म्हटले, मराठ्यांचा हेतू जहागीर किंवा सरंजाम देण्याचा होता, सार्वभौमत्व देण्याचा नव्हता. म्हणजे भोगायला दिले होते, मालकीने नव्हे. पण पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारतानेही पोर्तुगीजांची सत्ता व्यवहारात मानली, म्हणून ती सत्ता कोर्टाने गृहीत धरली. माणसांना आणि मालाला वाट होती, सैन्याला आणि शस्त्रांना नव्हती, आणि भारताने काही मोडले नाही, असा तो निकाल. मुलांना मी म्हटले, यातले दोन धडे लक्षात ठेवा. पहिला, प्रत्येक कागदाला आधी विचारायचे: भोगायला की मालकीने? दुसरा, कागदात काहीही असो, वर्षानुवर्षे तुम्ही जसे वागता तसा त्याचा अर्थ होत जातो. म्हणून लिहिणारा जिवंत असतानाच विचारून घ्यावे. पेशव्यांना विचारायला कोणी उरले नव्हते.

गेल्या दोन वर्षांत तो प्रश्न घेऊन ही मुले बऱ्याच ओसऱ्यांवर बसली. त्यांनी जे पाहिले त्यातले थोडे सांगतो. घरांची नावे अर्थातच सांगणार नाही.

सगळ्यांत जास्त गोंधळ दिसला तो नामनिर्देशनाचा, म्हणजे ज्याला आपण सरसकट नॉमिनी म्हणतो त्याचा. "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे, प्रत्येक ठिकाणी नॉमिनी लावलेला आहे," असे म्हणणारी घरे निम्म्याहून जास्त. आता तुमच्या भिंतीवर 'कालनिर्णय' असेलच. ते काढणारे जयंत साळगावकर 2013 साली गेले. 2011 साली त्यांनी इच्छापत्र करून ठेवले होते. काही गुंतवणुकींवर नॉमिनी म्हणून नावे होती. त्यावरून प्रश्न निघाला, की नॉमिनी हा त्या शेअरांचा आणि युनिटांचा मालक होतो का? उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 14 डिसेंबर 2023 ला उत्तर आले: होत नाही. नॉमिनी पैसे हातात घेतो, ते ज्यांचे आहेत त्यांच्यासाठी. ते कोणाचे, हे इच्छापत्र ठरवते, आणि इच्छापत्र नसेल तर वारसा कायदा. म्हणजे नॉमिनी हा लग्नघरातला आहेर घेऊन बसणारा माणूस. पाकिटे त्याच्या हातात येतात, म्हणून ती त्याची होत नाहीत.

दुसरे, जमिनीचे. आपल्याकडे पोर्तुगीज काळात अल्वारा म्हणून जमिनी दिल्या जात. कसण्याच्या अटीवर दिलेली ती जमीन. पिढ्या गेल्या, अट विसरली गेली, आणि 'आजोबांची जमीन' एवढेच उरले. 1971 च्या जमीन सुधारणा नियमावलीने अल्वारा आणि तेरेम हे दोन्ही प्रकार संपवायचे ठरवले. त्याच सुमारास, 1974 साली, काही अल्वारे अट मोडली म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी रद्द केले. त्या धारकांच्या वारसांचा दावा खालच्या कोर्टापासून वर चढत राहिला आणि 2025 साली सर्वोच्च न्यायालयात तो ते हरले. पन्नास वर्षे. मला त्यांच्या बाजूविषयी किंवा सरकारच्या बाजूविषयी इथे काही म्हणायचे नाही. एवढेच, की वारसाला जमिनीबरोबर तिच्या कागदातली अटही मिळते, आणि ती अट वाचलेली नसली तरी मिळते.

तिसरे, आपल्या या चिमुकल्या प्रदेशातले कायद्यांचे थर. हे मुलांना फार आवडते, कारण पुस्तकात ते सलग कुठे मिळत नाही. हिंदू वारसा कायदा 1956 साली झाला. त्याच्या मागे डॉ. आंबेडकरांचे हिंदू कोड बिल होते. ते रखडले म्हणून इतर कारणांबरोबर 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले होते. त्या कायद्याने विधवेच्या हातातली मालमत्ता, जी तोवर नुसती हयातीपुरती भोगायची असे, ती पूर्ण मालकीची केली. केवढा मोठा बदल. पण 1956 साली आपण कुठे होतो? पोर्तुगीज गेलेले, आणि भारतात विलीन व्हायला 1961 चा ऑगस्ट उजाडायचा. मधली सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. हा कायदा आपल्यापर्यंत पोचला तो 1963 च्या नियमावलीने, आणि लागू झाला 1 जुलै 1965 पासून. म्हणून एखाद्या घरचे आजोबा कोणत्या साली वारले, हा प्रश्न मुले सर्वांत आधी विचारतात. मरणाची तारीख कायदा ठरवते.

आणि आजही थर संपलेले नाहीत. 26 जानेवारी 2020 पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. प्रशासक एक, पण इथे हिंदू वारसा कायदा, आणि तासाभराच्या वाटेवरच्या दमणमध्ये 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता. तिथे माणसाला आपल्या सगळ्या मालमत्तेचे इच्छापत्र करता येत नाही. मुलांचा अर्धा हिस्सा राखीव असतो. इथे आपल्या स्वतःच्या मिळकतीचे इच्छापत्र करून मुलांना काहीही न देता सगळे देवळाला द्यायची मुभा आहे. आपल्यापैकी किती घरांच्या लेकी दमणला दिल्या आहेत, किती सुना तिकडून आल्या आहेत! एकाच जेवणाच्या पंगतीत दोन वारसा कायदे बसलेले असतात आणि वाढणाऱ्याला पत्ता नसतो.

एकदा खानवेलच्या मुलाने विचारले, "हे सगळं तुमच्या घरांचं झालं. आमचं काय?" बरोबर होते त्याचे. आपल्या प्रदेशात 2011 च्या जनगणनेप्रमाणे निम्म्याहून अधिक लोक आदिवासी. वारली, धोडिया, कोकणा, काथोडी ही इथली मूळ माणसे, आपण मागून आलेलो. आणि हिंदू वारसा कायद्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिले आहे, की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे रूढी चालते, आणि रूढी म्हणजे बहुधा मुलगे. त्याच्या मावशीला बापाच्या जमिनीत काही मिळाले नव्हते. 17 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात मात्र म्हटले, की स्त्रीला हिस्सा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर केवळ ती स्त्री आहे म्हणून तिला किंवा तिच्या वारसांना वगळणे समानतेच्या विरुद्ध आहे. त्या मुलाने तो निकाल सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, मग घरी जाऊन मावशीला त्यांच्या बोलीत समजावला. मावशीने काय केले ते विचारू नका. अजून काही केलेले नाही. तिने फक्त आपल्या भावाला सांगितले, की असे असे कोर्टाने म्हटले आहे. मला वाटते, तेही पुष्कळ आहे.

आता माझ्या घरचे. ते सांगायचे टाळून मी इतका वेळ तुम्हाला हेगपर्यंत फिरवून आणले.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी कोणाचीच पेटी आली नव्हती. रस्ते तुंबले होते. मुले म्हणाली, "काका, आज तुमचीच पेटी काढू." मी हसत हसत काढली. माझे इच्छापत्र त्यांना सापडले नाही, कारण मी ते केलेलेच नव्हते. शेकडो लोकांची लिहून दिली, स्वतःचे राहिले. त्यावर मुले मनसोक्त हसली. मग त्यांनी वडिलांच्या घराचे कागद काढले आणि वंशावळ काढायला बसली.

वडील 1990 साली गेले. घर त्यांनी स्वतःच्या कमाईने बांधलेले. इच्छापत्र नव्हते. तेव्हाच्या कायद्यानेही पहिल्या वर्गाचे वारस सरळ तीन होते: आई, मी, आणि माझी थोरली बहीण. तिघांचा सारखा तिसरा हिस्सा. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला 1956 पासूनच सारखा वाटा आहे. 2005 ची दुरुस्ती आली ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीसाठी. हे मी रोज अशिलांना सांगत होतो. आणि त्याच वर्षी आई आणि बहिणीकडून मी हक्कसोडपत्र करून घेतले होते. मसुदा माझाच होता. सनद नवी होती, हात शिवशिवत होता, म्हणून तो मी इंग्रजीत केला. चांगला झाला होता. वाक्ये लांब, भारदस्त. आई चौथी शिकलेली, बहीण सातवी. दोघींना वाचायला फक्त मराठी येत होते. जिथे सही करायची तिथे मी पेन्सिलने फुली मारून दिली होती.

त्या मुलीने कागद वाचला, वंशावळीत तीन नावांपैकी दोन नावांवर रेघ मारली, आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "या दोघींनी दिलं ते काय समजून दिलं?" मला उत्तर देता येईना. मी कोणाला फसवले नव्हते, असे मला इतकी वर्षे वाटत होते. रीतच तशी होती. बहिणीची साडीचोळी, माहेरपण, मुलांची लग्ने, सगळे मी केले. पण त्या दिवशी एक आठवण वर आली. वडिलांच्या मागे आई चौदा वर्षे त्या घरात राहिली. परसात शेवग्याचे झाड होते, त्याच्या फांद्या पत्र्यावर घासत. दर पावसाळ्याच्या तोंडी ती मला विचारायची, "फांदी तोडून घेऊ का रे? तुझी हरकत नाही ना?" मला तो तिचा चांगुलपणा वाटायचा. सहीच्या आधी ती असे कधी विचारत नसे. ती मालकीण होती त्या घराची, माझ्या फुलीने ती राहायला आलेली माणूस झाली, आणि इंग्रजी येत नसतानाही तिला ते बरोबर कळले होते.

मी बहिणीला भेटायला नाशिकला गेलो. ती आता सत्तरीला आली. तिला सगळे सांगितले. हक्कसोडपत्र आता रद्द होणार नाही, पण मी बक्षीसपत्राने तुला तुझा हिस्सा देऊ शकतो, किंवा इच्छापत्रात लिहू शकतो, असे म्हणालो. ती सुपारी कातरत होती. म्हणाली, "त्या वेळी नीट विचारलं असतंस तर मी हसत सही केली असती. कागदावर काय आहे ते वाचूनसुद्धा दाखवलं नाहीस. आता देतो म्हणतोस, तर मला विचार करू दे." मला वाटले होते, ती 'काही नको रे भाऊ' म्हणेल, डोळे पुसेल, आणि मी मोकळा होईन. तिने मला मोकळे केले नाही. अजून तिने काही कळवलेले नाही. मी वाट पाहतो आहे, आणि ती पाहायला लागणे योग्यच आहे, असे मला वाटते.

म्हणून आता मी जे सांगतो ते वकिलाचे म्हणून ऐका आणि चुकलेल्या भावाचे म्हणूनही ऐका.

इच्छापत्र करा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, केलीत तर बरे. दोन साक्षीदार हवेत. त्यांनी तुम्हाला सही करताना पाहावे आणि तुमच्यासमोर त्यांनी सही करावी. साक्षीदार ज्यांना काही मिळणार आहे असे नसावेत, आणि तुमच्यापेक्षा वयाने लहान असावेत. पुढे कोर्टात त्यांच्यापैकी एकाला तरी उभे राहावे लागते, आणि समवयस्क मित्र तोवर आपल्याआधी गेलेला असतो. मन बदलले तर नवे करा; शेवटचे खरे.

न केलेत तर काय होते तेही ऐका. पुरुष गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. हो, आईलासुद्धा; वडिलांना मात्र या पहिल्या वर्गात जागा नाही. आणि मूल नसलेली विधवा गेली तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर. लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झालेली, सासरने बाहेर काढलेली, माहेरी राहून शिकलेली, नोकरी केलेली एक बाई वारली, आणि तिची बँकेतली शिल्लक अन् भविष्यनिर्वाह निधी 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या नातेवाइकांना दिला. कायदा तसाच आहे, सहानुभूतीने बदलत नाही, असे कोर्टाने म्हटले. तिने एका कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या तर तो बदलायची गरजच नव्हती. बायकांनी तर इच्छापत्र करायलाच हवे.

आता भाषेवर येतो, कबूल केल्याप्रमाणे.

इच्छापत्र मराठीत चालते. तुमच्या रोजच्या मराठीत चालते. पण एकेक शब्द तोलून लिहा. आपल्याकडे पुरुष हमखास लिहितात, 'माझ्या पश्चात पत्नीने तहहयात घरात राहावे, नंतर घर मुलाचे'. लिहिणाऱ्याला वाटते, मी बायकोची सोय केली. पण तिला घर मालकीने मिळाले की भोगायला? 1956 च्या कायद्याच्या चौदाव्या कलमावरून, अशाच शब्दांवरून, 1977 पासून सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न पुन्हा पुन्हा गेला आहे. तुमच्या मनात काय आहे ते एका वाक्यात सांगा: तिला विकता येईल की नाही? हे वाक्य लिहायला लाज वाटत असेल तर ती लाज का वाटते, तेही स्वतःला विचारा.

आणि इथे साहित्य मंडळाकडे माझे एक मागणे आहे. या मुलांना मंडळाच्या ग्रंथालयात शनिवारी एक टेबल द्या. जुने मराठी दस्त वाचणारे, 'वहिवाट', 'भोगवटा', 'निर्वेध', 'चतुःसीमा' हे शब्द कळणारे आपल्यातले वडीलधारे त्यांच्याजवळ बसू द्या. मुलांना कलमे पाठ आहेत, पण हे शब्द त्यांना परके आहेत. तुम्हाला शब्द येतात, कलमे नाहीत. आपल्या घरांच्या पेट्यांत मराठी, गुजराती, पोर्तुगीज आणि इंग्रजी असे चार भाषांतले कागद आहेत, आणि ते समजावून सांगू शकणारी पिढी दर वर्षी कमी होते आहे. कार्यवाहांनी पत्रिकेवर 'सांस्कृतिक वारसा' छापले ते अगदीच चुकीचे नव्हते, असे आता मला वाटते.

आणखी एक. सही घेण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवा, ज्याची सही घ्यायची त्याच्या भाषेत. वाचून झाल्यावर गप्प बसा. त्याला किंवा तिला विचारायला वेळ द्या. मी तो वेळ दिला नव्हता.

माझे इच्छापत्र आता झाले आहे. मराठीत आहे, दीड पानाचे आहे. बहिणीच्या उत्तरासाठी त्यात एक परिच्छेद कोरा ठेवून सही करता येत नाही. कायद्यात तशी सोय नाही. म्हणून सध्या तिचा तिसरा हिस्सा तिच्या नावे लिहिला आहे, मालकीने. तिने वेगळे काही कळवले तर पुन्हा लिहीन. मसुदा मुलांना वाचायला दिला होता. त्या मुलीने दोन शब्द बदलायला सांगितले. एक मी बदलला, दुसऱ्यावर आमचा वाद अजून चालू आहे.

शनिवारी दुपारी तीननंतर चटई पसरलेली असते.